नाभीखालची टिकली

यंत्राने माझं पोट दोन महिने ऐकलं आणि ते मुकं आहे असा निकाल दिला. निकाल शुद्ध मराठीत होता. 'सकाळची मोठी लाट आढळत नाही. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातील संवेदना लोपल्याची दाट शक्यता.' पुढे चार पानं आलेख आणि शेवटी एक सुचवलेली तारीख : सोमवार, मार्गशीर्ष वद्य द्वितीया. तारखेबरोबर तिथी दिसावी ही सोय केतकीने, माझ्या सुनेने, माझ्यासाठी मुद्दाम चालू करून दिली होती. त्या सोमवारी माझ्या कमरेत कातडीखाली एक आंत्रचालक बसवायचा होता. काड्याच्या पेटीएवढं यंत्र. आतड्याच्या नसांना ते रोज ठरलेल्या वेळी विजेचे बारीक झटके देणार आणि पोट साफ होणार.

मी तो कागद देवासमोर ठेवला आणि नमस्कार केला. दुसरं काय करणार?

बद्धकोष्ठ हा शब्द मी उभ्या आयुष्यात तोंडाने उच्चारलेला नाही. आमच्या पिढीत 'पोटाची जरा तक्रार आहे' एवढंच म्हणायचे, आणि तेही बायकांत. तक्रार एकतीस वर्षांची. चौथ्या-पाचव्या दिवशी एकदा, तेही घाम फुटेपर्यंत कुंथून. शनिवारी एरंडेल, एरवी त्रिफळा, मग इसबगोल, मग पुन्हा एरंडेल. ह्यांना पहिली दहा वर्षं पत्ताही नव्हता. माझं डोकं सारखं का दुखतं, ह्याचाच ते विचार करत बसायचे.

आता काळ बदलला. घरोघरी फ्रिजच्या दारावर आरोग्यफलक असतो आणि घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका. आमचा फलक पुण्याच्या घरातही दिसतो, माझा मुलगा शंतनू आणि केतकीकडे. ह्यांचा ठिपका हिरवा, शंतनूचा हिरवा, केतकीचा हिरवा आणि माझा तांबडा. पुण्याला केतकीकडे मैत्रिणी आल्या की त्यांनाही तो दिसत असेल, ह्या विचाराने मला प्रथम फार लाज वाटे. मग एका हळदीकुंकवाला समोरच्या अभ्यंकरवहिनींनीच वाण घेता घेता विचारलं, "काय हो लिमयेवहिनी, तुमचा अजून तांबडाच का? माझा पिवळा झाला बाई, अंजिरांनी." तेव्हा कळलं, सगळ्यांचे ठिपके सगळ्यांना ठाऊक आहेत. लाज वाटायला एकटीच मी उरले होते.

ठिपक्यामागचं यंत्र म्हणजे आंत्रश्रुती. मोठ्या टिकलीएवढी मऊ पट्टी, नाभीखाली चार बोटांवर चिकटवायची. आम्ही तिला टिकलीच म्हणायचो. मला ती डॉक्टर तस्नीम मुजावरने लावली. तस्नीम शंतनूच्या वर्गात होती. संक्रांतीला आमच्याकडे तिळगुळाला यायची आणि गुळाची पोळी मागून घ्यायची, म्हणून मी अजून तिला अगंतुगंच करते. तिने आधी रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, दुर्बीण घालून आत काही वाढलेलं नाही ना ह्याची खात्री केली. मग टिकली काय करते ते मला समजेल असं सांगितलं.

पोटात सतत आवाज चालू असतात, आपल्याला त्यातले चारदोनच ऐकू येतात. टिकलीत बारा कान आहेत. कुठला आवाज कुठून निघाला आणि कुठे सरकला, हे त्या बारांच्या फरकावरून तिला कळतं. आतड्याला स्वतःच्या नसांचं जाळं असतं, जवळजवळ स्वतःचं डोकंच, आणि ते घड्याळ पाळतं. दिवसभर त्याची बारीक चुळबुळ चालते, पण दोन-तीनदा मोठी लाट येते. सगळ्यांत मोठी सकाळी, उठल्यानंतर आणि पोटात पहिलं काही पडल्यानंतर.

"ती लाट म्हणजे हाक असते, मावशी," तस्नीम म्हणाली. "पाच-दहा मिनिटं टिकते. तेव्हा गेलं की काम सोपं. नाही गेलं तर सगळं तिथंच थांबतं, आतडं त्यातलं पाणी ओढत राहतं, खडा होतो. आणि दुसऱ्या दिवशी हाक थोडी हळू येते. रोज रोज ओ दिली नाही तर कोण हाका मारत बसेल? तुम्हाला हाक येते तेव्हा तुम्ही जाता ना?"

मी म्हटलं, हल्ली हाक येतच नाही गं.

मी खोटं बोलत नाही. तेव्हाही मला ते खोटं वाटलं नव्हतं.

माझा दिवस पाचला सुरू होतो. स्नान करून मी आदल्या दिवशी धुऊन उंच दांडीवर काठीने वाळत घातलेलं पातळ नेसते आणि पावणेसहाला पाटावर बसते. शंतनू दोन वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. अकरा दिवस तो डोळे उघडत नव्हता. मी तेव्हा बोलले होते, हा बरा होऊ दे, जन्मभर देवाला स्नान घातल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही. तो बरा झाला. त्या दिवसापासून मी तो नेम मोडलेला नाही. पुढे त्याला एकेक जोडत गेले. अकरा अथर्वशीर्षं, मग विष्णुसहस्रनाम, मग पोथीचा एक अध्याय, मग शंभर वाती. देवांना स्नान शेवटी, आधी सगळं वाचन, हा क्रम कसा पडला ते आता आठवत नाही. उठायला आठ वाजतात. तोवर तोंडात पाणी नाही. आणि अधूनमधून साडेसहाच्या सुमाराला पोटात काहीतरी हललं तर मी श्वास धरून, मांडी घट्ट करून बसे. तिथे जाऊन आलं की सोवळं गेलं, पुन्हा स्नान, पुन्हा पहिल्यापासून. मी त्याला हाक समजतच नव्हते. पूजेतलं विघ्न समजत होते. विघ्न दहा मिनिटांत आपोआप शमतं, हा माझा अनुभव होता.

तर टिकली. ती प्लॅस्टिकची, तिला डिंकासारखं काही लावलेलं. ती लावून सोवळ्यात कसं बसायचं? काढून ठेवावी तर दहा मिनिटांनी ती अंगाबाहेर असल्याचं ओरडून सांगायची. पहिल्याच दिवशी भर सहस्रनामात तिने असा काही सूर धरला की माझी पाच नामं चुकली. दुसऱ्या दिवशी मी स्नानाआधी ती अलगद सोडवली आणि शेजारी झोपलेल्या ह्यांच्या पोटावर चिकटवली. हे आठपर्यंत उठत नाहीत, निवृत्त झाल्यापासून तर नाहीच. डोळे न उघडता म्हणाले, "काय गार लावलंस?" मी म्हटलं, झोपा. टिकलीही झोपली. आठ वाजता मी ती परत माझ्याकडे घ्यायची. रोज फलक विचारायचा, 'पट्टी चोवीस तास लावली होती का?' ते भरायचं काम ह्यांच्याकडे होतं. हे कुठल्याही अर्जावर सगळीकडे 'हो' भरतात.

अडीच तास कुणाच्या लक्षात येणार आहेत, असं आम्हाला वाटलं. चोवीसातले साडेएकवीस तरी माझेच की.

बाकी सगळं मी मनापासून केलं. तस्नीमने उपास सोडायला सांगितलं नाही, साबुदाणा सोडायला सांगितलं. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष धरून माझे काही आठवडे चार-चार दिवस खिचडीवर जायचे. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, पपई, ताक. एरवी ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी, चावून चावून. भिजवलेल्या काळ्या मनुका. झोपताना कोमट दुधात चमचाभर तूप. संध्याकाळी आमच्या ब्राह्मणपुरीतून दोन फेऱ्या, आणि आल्यावर पोटावर एरंडेलाचा हात, उजवीकडून वर, आडवा, मग डावीकडून खाली. कमोडपुढे पाय टेकायला ह्यांनी जुना पाट आणून ठेवला. त्या पाटावर एके काळी बारशी झालेली होती, पण मी बोलले नाही. फरक पडला. पाचाचे तीन दिवस झाले, डोकं हलकं राहू लागलं. ठिपका तांबड्याचा नारिंगी झाला आणि तिथेच अडला.

केतकी रोज फलक पाहायची. तिचा आवाज गोड आहे, पण ती सूचना देऊ लागली की थांबत नाही. पाणी किती घेतलंत, फेऱ्या किती झाल्या, आज पालेभाजी कुठली. एक दिवस म्हणाली, "आई, सकाळी उठल्याउठल्या दोन भांडी कोमट पाणी घ्या ना. देव काय रागावणार आहे?" मी फोन ह्यांच्या हातात दिला. चार दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला काय सांगू? ज्याच्याशी तू संसार करतेस तो त्या पाण्यावर उभा आहे, हे कुणी सुनेला सांगतं का?

आणि मग तो निकाल आला.

तस्नीमने समोर बसवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. आंत्रचालक एकदा बसला की आतडं त्याचंच ऐकू लागतं. स्वतःची उरलीसुरली हाक तीही बंद होते, परत येत नाही. मग चालक काढता येत नाही, जन्मभर ठेवायचा, आठवड्याला एकदा कमरेशी पट्टा लावून भारित करायचा. "आलेखात तुमची सकाळ पूर्ण सपाट आहे, मावशी. रोज सहा ते आठ, जणू माणूस गाढ झोपलंय. अशी सपाट सकाळ मी नसा गेलेल्यांचीच पाहिलीय. म्हणून बसवायचा. नाहीतर मी सुचवलं नसतं."

मी हो म्हटलं. हेही हो म्हणाले. घरी आल्यावर मात्र हे बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. मग म्हणाले, तुझ्या पोटात हाक मारणारं कुणीच उरलं नाही म्हणजे कसं वाटत असेल गं तुला?  खरं तर भीती वाटत होती. झटक्यांची नाही. माझ्या शरीरात देवाने ठेवलेली एक गोष्ट मी कुठेतरी हरवून बसले आणि ती कधी हरवली ते मला ठाऊक नाही, ह्याची.

शस्त्रक्रियेच्या अकरा दिवस आधी, चंपाषष्ठीच्या गुरुवारी, नाशिकहून धाकट्या दिरांचा फोन आला. त्यांना नातू झाला. पावणेचार किलोचा आणि भरपूर केसांचा. आनंद झालाच, पण त्याबरोबर आम्हाला दहा दिवसांचं सोयर आलं. सोयरात देवांना हात लावायचा नाही. मार्गशीर्षातले गुरुवार गेले, पौर्णिमेची दत्तजयंतीही त्यातच जाणार. देवांना पाणी घालायला मी अभ्यंकरवहिनींना विनंती केली. मागच्या सोयरात त्या नऊला यायच्या. ह्या वेळी म्हणाल्या, "मी हल्ली सहाला नदीच्या घाटावर चालायला जाते, त्याआधीच घालून जाईन. चालेल ना?" मी म्हटलं, न चालायला काय झालं.

पहिल्या सकाळी त्या साडेपाचला आल्या. दहा मिनिटांत देवांना स्नान, गंध, फूल, निरांजन, नमस्कार. गेल्या. माझं व्रत पुरं झालं होतं आणि घड्याळात पावणेसहाच वाजले होते. एकतीस वर्षांत मी त्या वेळी पाणी प्यायले नव्हते. कोमट करून दोन भांडी प्यायले. पोथीला हात लावायचा नाही, सोवळं नेसायचं नाही, टिकली काढायचं कारण नाही. हे घोरत होते. मी खुर्चीत बसून राहिले, रिकामी. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी पोटात काहीतरी हललं. नेहमीचंच विघ्न. पण आज ते मोडायला पूजाच नव्हती. मी उठले, गेले, पाटावर पाय टेकले. पाच मिनिटांत बाहेर आले.

कुणाला सांगणार? मी चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी हाक आली नाही. तिसऱ्या दिवशी आली. मोक्षदा एकादशीलाही आली. आणि मला जुनं काहीतरी आठवू लागलं. आधीच्या सुतकांत, सोयरांतसुद्धा हे होत असे. सासूबाई गेल्या तेव्हा रडून रडून डोळे सुजलेले, पण पोट मात्र रोज साफ. तेव्हा मला त्याची शरमच वाटली होती. घरात मरण आणि आपण हलक्या होऊन हिंडतोय. म्हणून मी ते मनातून पुसून टाकलं. म्हणजे मला ठाऊक होतं. पटवून घ्यायचं नव्हतं.

सातव्या दिवशी सकाळी नऊला तस्नीमचा फोन आला. आवाजावरून ती आलेखासमोरच बसलेली असावी.  तिने विचारलं, "मावशी, तुमच्या सकाळी एकदम लाट कुठून आली? सात दिवसांत पाच वेळा. अशी स्वच्छ लाट मी शिकवायला वापरते. मेलेल्या नसा उठून बसत नाहीत हो. काय बदललं?"

मी सोयराचं सांगितलं. ती म्हणाली, सोयराने नसा जिवंत होत नाहीत. मग मला टिकलीचं सांगावं लागलं. सांगताना मी इतकी हळू बोलत होते की तिने दोनदा 'काय?' विचारलं.

"काकांच्या पोटावर?"

"हो गं. ती ओरडायची ना."

 मग ती हसू लागली. थांबेना. हे शेजारीच पेपर घेऊन बसले होते. त्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "तस्नीम, माझ्या पोटाचा निकाल काय आला तेवढं सांग."

"काका, तुमचं पोट उत्तम झोपतं," ती म्हणाली. "दोन महिने मी ते मावशींचं समजून काळजीने मरत होते."

हसणं ओसरल्यावर मात्र तिचा स्वर बदलला. सोमवार रद्द करू, म्हणाली, पण एक महिन्यासाठीच. हाक क्षीण आहे. पाच आल्या, त्यांतल्या दोन अगदी हळू. एकतीस वर्षं जिला दाबलं ती सात दिवसांत बरी होत नाही. महिनाभर टिकली पोटावरून हलवायची नाही आणि हाक आली की मी जिथे असेन तिथून उठायचं. ह्या महिन्यात हाका रोजच्या झाल्या तर चालक कायमचा विसरायचा. कमी होत गेल्या तर चालकाशिवाय तिच्याकडे दुसरा उपाय नाही. "पूजेचं काय करायचं ते मी नाही सांगणार," ती म्हणाली. "रोज्यात मीही पहाटेनंतर पाणी घेत नाही, मला कळतं. पण मावशी, हाक आल्यावर बसून राहायचं नाही. ते मात्र डॉक्टर म्हणून सांगते."

सोयराच्या शेवटच्या दिवशी, शनिवारी, दत्तजयंती होती. घाटावरचे ढोल घरात ऐकू येत होते आणि मी देव्हाऱ्यापासून चार हात दूर बसून होते. माझ्यासमोर सरळ प्रश्न होता. उद्यापासून मी पूर्वीसारखी बसले तर महिन्यात चालक. मधे उठले तर मोडलेली पूजा. मी बोलले होते ते नक्की काय, ते आठवत राहिले. दवाखान्याचा जिना होता, शंतनू आत. देवाला स्नान घातल्याशिवाय पाणी नाही. एवढंच बोलले होते. सहस्रनाम, अध्याय, वाती हे सगळं मी पुढे जोडलं. त्यातलं काही देवासाठी जोडलं, खरंच. पण काही अशासाठीही जोडलं असेल की त्या दोन तासांत घरात मला कुणी हाक मारत नसे. सासूबाई नाही, हे नाही, दारावरची घंटासुद्धा नाही. तेवढा वेळ माझा होता. मला तो कमी होऊ द्यायचा नव्हता, म्हणून मी तो वाढवत नेला. मग त्या तासांत जिने हाक मारली तिलाही मी ओ दिली नाही.

केतकीला मीच फोन केला. टिकलीचं सांगितलं. ती हसली नाही, ह्याचं मला नवल वाटलं. मग मी तिला त्या जिन्यावरचंही सांगितलं, पाण्याचं. शंतनूलाही मी ते कधी सांगितलेलं नाही.  ती म्हणाली, "आई, मला आधी का नाही सांगितलंत? मी पाण्याबद्दल एक अक्षर बोलले नसते." मी म्हटलं, आता बोल, चालेल.

रविवारी मी क्रम उलटा केला. साडेपाचला देवांना स्नान. टिकली पोटावर. पातळाच्या आत तिचा गारवा जाणवत होता, हे खरं. पण मंगळसूत्र अंगावर चालतं, सोनं चालतं, माझं स्वतःचं हे आतडं त्याच्या सगळ्या ऐवजासकट सोवळ्यात चालतं. मग त्याचं ऐकणारी टिकली तेवढी ओवळी? देवांना पुसून जागेवर ठेवलं. पळीभर तीर्थ घेतलं आणि त्यावर दोन भांडी कोमट पाणी. मग अथर्वशीर्षाला बसले.

हाक आली नाही. सोमवारीही नाही. ज्या वेळी मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर असणार होते त्या वेळी मी पाटावर होते, आणि सहस्रनाम म्हणता म्हणता कान पोटाकडे. इतकी वर्षं ती आली की मी तिला परतवत होते. आता तिची वाट पाहत बसले तर येईना. ठिपका नारिंगीच. हे सकाळी उठून फलकाकडे बघायचे आणि चहा टाकायचे.

मंगळवारी पाचशे नामं झाली असतील. पोटात हललं. हळूच. दारावरून कुणी परत जाता जाता एकदा पाहून घ्यावं, तसं. मी थांबले. मधेच थांबणं मी कधी केलेलं नाही, माझी जीभ आपोआप पुढच्या नामावर जात होती. सवयीने श्वास धरला गेला आणि मांडीही घट्ट झाली. अजून सहा-सात मिनिटं तशी बसले असते तर तीही गेली असती. मी पोथीत तुळशीचं पान ठेवलं, पोथी मिटली, निरांजनाला नमस्कार केला आणि उठले. देवाला म्हटलं, आलेच.

परत यायला पंचवीस मिनिटं लागली. दुसरं स्नान झालं, दुसरं पातळ नेसले. आता सगळं पहिल्यापासून म्हणायचं की पानापासून पुढे, ह्याचा विचार करतच मी आत आले. निरांजनातलं तूप आतापर्यंत संपलेलं असणार, वात विझलेली असणार, असं मी धरूनच चालले होते.

निरांजन तेवत होतं. देव्हाऱ्याशी हे बसले होते. जागे, स्नान केलेले, कमरेला पंचा. हातात तुपाची वाटी. सकाळी सातला ह्यांना अंघोळ केलेलं मी लग्नानंतर प्रथमच पाहत होते.

"तू उठलीस ते ऐकलं," ते म्हणाले. "म्हटलं, परत येईपर्यंत दिवा कुणी सांभाळायचा?"

मी पाटावर बसले. पानापासून पुढे म्हणू लागले. हे उठून गेले नाहीत, तिथेच बसून राहिले. मधे दोन-तीन नामं त्यांनाही येतात असं लक्षात आलं.

महिना संपला तेव्हा तस्नीमच्या आलेखात तीस दिवसांतल्या सव्वीस सकाळी लाट होती, आणि शेवटच्या आठवड्यात रोज. ठिपका हिरवा झाल्याचं अभ्यंकरवहिनींनी मला दूधवाल्यादेखत सांगितलं. केतकीने पुण्याहून अंजिरं पाठवली, आणि सोबत चिठ्ठीत फक्त 'आई' एवढंच लिहिलं होतं. मनुका, तूप, फेऱ्या, पाट सगळं चालू आहे. दुसरं स्नानही चालू आहे, थंडीत ते जड जातं. पूजा संपायला आता साडेआठ होतात.

टिकली परत द्यायला गेले तेव्हा तस्नीम म्हणाली, राहू द्या की, लक्ष राहील. मी ती तिच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, आता मला ऐकू येतं गं.

बाहेर हे थांबले होते. जिना उतरताना त्यांनी विचारलं, माझ्या पोटाचा तो उत्तम निकाल कागदावर मिळेल का? मी म्हटलं, उद्या सकाळी निरांजनाशी बसलात की तुम्हीच देवाला विचारा.